आडव्या बाटलीच्या मतदानाला विलायती पार्लमेंट

प्रवासाला निघताना लोक चिवडा बांधून घेतात. आम्ही इंग्लंडचं पार्लमेंट बांधून घेतलं होतं. एका काळ्या पेटीत ते सगळं मावलं: प्रोजेक्टर, दोन स्पीकर, गुंडाळलेला पडदा, आणि गुलामांचा व्यापार बंद करायला तिकडे जो राजकीय लढा झाला त्याच्यावरचा एक भला मोठा, हिंदीत डब केलेला सिनेमा. यवतमाळच्या एका चित्रपट मंडळानं हा सिनेमा जिल्ह्याच्या तळागाळापर्यंत न्यायचं ठरवलं होतं. हा तळागाळ नेमका कोणत्या रस्त्यानं लागतो हे मंडळात कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं.

मी दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. इतिहासात एम.ए. केलं, सध्या यवतमाळात तासिका तत्त्वावर शिकवते. हे मी लाजत सांगत नाही, आणि कोणी पाठ थोपटावी म्हणूनही सांगत नाही. माझं काम एवढंच होतं की पडद्याशेजारी माईक घेऊन उभं राहायचं आणि सिनेमा वऱ्हाडीत, गरज पडली तर आमच्या गोरबोलीत, समजावून सांगायचा.

मंडळाचे सचिव बर्वे सर. त्यांच्या घरात तीन पिढ्या सरकारी कचेरीत गेल्या, ते स्वतः बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झाले. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना वाटतं की त्यांनी एखाद्या ठिकाणी गाडी थांबवली की तिथला अंधार आपोआप कमी होतो. तिसरे रहीमभाई, व्हॅनचे ड्रायव्हर. त्यांना सिनेमाबद्दल काही वाटत नव्हतं, आणि आमच्या तिघांत त्यांचीच झोप सर्वांत चांगली होत होती.

मारेगाव

मारेगावच्या पुढे कच्च्या रस्त्यानं आत गेलं की कोलाम आदिवासींचा एक पोड लागतो. पोड म्हणजे त्यांची वस्ती. पहिला खेळ तिथे. आम्ही पोचलो तेव्हा लोक तुरी काढून परतत होते, डोक्यात कुटार म्हणजे तुरीचा भुसा, डोळे लाल. त्यांनी हातपाय धुवायच्या आत बर्वे सरांनी माईक धरला आणि "मित्रहो, स्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय?" असा प्रश्न विचारून त्याचं उत्तर स्वतःच द्यायला सुरुवात केली. माझ्याजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, साहेब कोणत्या पार्टीचे? मी म्हटलं, कोणत्याच नाही. तो म्हणाला, "मंग बोलून कायले राह्यले?"

सिनेमात काय आहे ते सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला बसावं लागणार नाही. एक श्रीमंत, देखणा, पोटाच्या दुखण्यानं हैराण झालेला तरुण साहेब आहे. माणसं जहाजात भरून विकायचा धंदा बंद झाला पाहिजे असं त्याच्या मनानं घेतलं आहे. पांढऱ्या केसांचे टोप घातलेल्या पुरुषांनी भरलेल्या सभागृहात तो दरवर्षी ठराव आणतो आणि दरवर्षी हरतो. एकदा तर अगदी जिंकत आलेला असताना हरतो, कारण त्याच्याच बाजूचे काही लोक त्या दिवशी नवं नाटक बघायला गेलेले असतात. मधे त्याचं लग्न होतं. बागेत फिरणं होतं. शेवटी ठराव पास होतो, सगळे टोपवाले उठून उभे राहतात, व्हायोलिन वाजतं. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते गुलाम? ते एका प्रसंगात दिसतात. अंधार, साखळ्या, दोन-चार घाबरलेले डोळे. त्यातला एक सुटून येतो आणि साहेबाचे आभार मानतो. झालं त्यांचं काम.

मी इतिहास शिकलेली असल्यामुळे मला पुढचंही माहीत आहे. माणुसकीच्या नावानं टाळ्या वाजवणाऱ्या याच लोकांच्या राज्यात, पुढे, बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलुखभर हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांना जन्मापासूनच गुन्हेगार म्हणून नोंदायचा कायदा झाला. सिनेमा तिथपर्यंत येत नाही. त्याच्या आतच लोक घरी जायला मोकळे होतात.

पहिल्या तासाभरात वारा सुटला. पडदा फडफडायला लागला, पार्लमेंटमधल्या लोकांची तोंडं वाकडीतिकडी होऊ लागली. मग आवाजच गेला. बर्वे सर वायर ओढून पाहत होते, लोक उठायला लागले होते. मी माईक घेतला आणि पडद्यावरच्या ओठांना माझ्या मनानं बोलायला लावलं. "अध्यक्षमहाराज, या माणसाचं पोट दुखून राह्यलं म्हनून आपन धंदे बंद करावं काय?" असं एक टोपवाला म्हणाला, तेव्हा पोडावर पहिल्यांदा कोणी हसलं. मग दुसऱ्या टोपवाल्याला कापसाचा भाव विचारायला लावला. पोरं पुढे सरकून बसली. बर्वे सर मात्र कावले. विषयाचं गांभीर्य गेलं म्हणाले.

खेळ संपल्यावर एका बाईनं सरांना विचारलं, "ज्यायले इकलं, ते कुठी गेले मंग?" सर म्हणाले, ते प्रतीकात्मक आहेत. मला म्हणाले, सांगा यांना. मी तिला सांगितलं की साहेबालाही माहीत नाही. ती म्हणाली, वाटलंच होतं. मग तिनं आम्हाला अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर वाढली. सर भाजीचं कौतुक करत राहिले आणि पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं प्यायले.

दिग्रस

दिग्रसला शिरताना रस्ता कापसाच्या गाड्यांनी तुंबलेला. जिनिंगच्या आवारातून पांढरे पुंजके उडून विजेच्या तारांना लटकतात. हे माझं गाव म्हणायला हरकत नाही. याच बसस्टँडवर मी कॉलेजची बस पकडायची. तर्री-पोह्याची गाडी अजून तिथेच आहे. बर्वे सरांनी तर्री वेगळी मागितली, मग ती तिखट आहे म्हणून परत दिली. गाडीवाल्यानं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मी आणि रहीमभाईंनी सरांची तर्री वाटून घेतली.

दिग्रसचा खेळ हॉलमध्ये होता, म्हणजे खुर्च्या, पंखे, हार, शाली. व्यापारी, वकील, दोन डॉक्टर, त्यांच्या बायका. यांना सिनेमा फार आवडला. पोडावरच्या लोकांनी विचारला तसला प्रश्न इथे कोणी विचारला नाही. ठराव पास झाला तेव्हा पडद्यावरच्या टोपवाल्यांबरोबर हेही उठून उभे राहिले. घरी राबणाऱ्या बाईला सणाची सुट्टी मागितली तर ज्यांचं तोंड कडू होतं अशा दोघी-तिघींना मी डोळे पुसताना पाहिलं.

चहाच्या वेळी वसंतशेठ नावाच्या गृहस्थांशी ओळख करून देण्यात आली. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आवाज मधाळ. आमचा पुढचा खेळ उमरखेडला रविवारी होता. वसंतशेठ म्हणाले की उमरखेडच्या अलीकडे त्यांच्या ओळखीचं एक गाव आहे, तिथल्या बायकांनी जन्मात असं काही पाहिलेलं नाही. ते दोन बस देतील. सकाळी लवकर बायकांना घेऊन उमरखेडला आणतील, आधी देवदर्शन, मग जेवण, मग सिनेमा, अंधार पडायच्या आत परत. सगळं त्यांच्याकडून. बर्वे सर हरखले. महिलांसाठी खास खेळ! त्यांनी घरी बायकोला फोन करून सांगितलं.

गावाचं नाव ऐकून मीही खूश झाले. तिथल्या तांड्यावर माझी शांतीकाकी राहते. मी ते नाव इथे लिहीत नाही, कारण गाव ओळखू आलं की आधी तिथल्या बायांनाच जाब विचारला जाईल.

पुसदच्या अलीकडे

शनिवारी सकाळी निघालो. तुरीची शेतं कापून मोकळी झालेली, हरभरा मात्र हिरवा. रहीमभाईंनी एका धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, गाडी थांबवून ओळखीच्या माणसाकडून हुळा घेतला. हिरवे घाटे भाजलेले, हात काळे, तोंड काळं. मी खात खातच काकीला फोन लावला. म्हटलं, उद्या बसमध्ये पुढची जागा धर.

काकीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या आमचं मतदान हाय वं पोरी. बाटलीचं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं असं बायांना वाटलं तर त्यांनी सह्या करून मागणी करायची. मग सरकार फक्त बायांचं मतदान घेतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू द्या, आडवीवर म्हणजे बंद करा. आणि मेख अशी, की मत द्यायला आलेल्या बायांपैकी निम्म्या पुरत नाहीत. मतदार यादीत जेवढ्या बाया आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. घरी बसली ती बाई उभ्या बाटलीत गेली. गावाला गेली तीही उभ्या बाटलीत.

मी काकीला विचारलं, वसंतशेठ कोण? ती म्हणाली, दुकानदाराचा साळा.

या मतदानात काकीचं काय अडकलं होतं तेही सांगते. तांडा आणि एसटीचा फाटा यांच्या बरोबर मधे ते दुकान आहे. शाळेच्या बसला जाणाऱ्या पोरींना त्याच्या दारासमोरून जावं लागतं. एका वर्षात तांड्यावरच्या बहुतेक मोठ्या पोरी घरी बसल्या. काकीची पूजा दहावीला आहे, आणि काकानं सांगून ठेवलंय की दारूच्या दुकानासमोरून माझी पोरगी कॉलेजात जाणार नाही, परीक्षा झाली की लग्न. हे तो त्याच दुकानाच्या बाकावर बसून म्हणाला होता. काकीनं त्याच्याशी भांडण केलं नाही. दुकान उठवायला निघाली. आता हरलं तर पुन्हा लगेच मागता येत नाही, आणि तोवर पूजा सासरी.

मी फोन ठेवला आणि बर्वे सरांना सगळं सांगितलं. ते घाटे सोलत होते. म्हणाले, योगायोग असेल. मी म्हटलं, सर, बस सकाळी उचलणार आणि पेट्या बंद झाल्यावर परत आणणार, हा कसला योगायोग? खेळ पुढे ढकला. ते म्हणाले, हॉल घेतलाय, पाहुणे ठरलेत, आणि मुख्य म्हणजे आपलं मंडळ राजकारणापासून अलिप्त आहे.

मला राहवलं नाही. "सर, तुमच्या सिनेमात ठराव कशानं पडतो? आपलेच लोक नाटकाला गेले म्हणून. उद्या ते नाटक आपण आहोत."

सर म्हणाले, "तो संदर्भ फार वेगळा आहे, हो. तो मानवतेचा प्रश्न होता."

पुढून रहीमभाई आरशात न पाहताच म्हणाले, "और ये क्या भैंस का है, साहब?"

सर रागावले नाहीत. ते अशा वेळी रागावत नाहीत, दुखावतात, आणि खिडकीबाहेर पाहतात. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की ज्या बायकांना मत द्यायचंय त्या राहतील, येणाऱ्या येतील, यालाच तर लोकशाही म्हणतात. हॉलमध्ये, पंख्याखाली, हार घालून शिकलेली लोकशाही. मी काकीच्या फाट्यावर गाडी थांबवायला लावली. माईक सरांच्या मांडीवर ठेवला आणि पिशवी घेऊन उतरले. त्यांनी विचारलं, मग उद्या समजावून कोण सांगणार? मी म्हटलं, समजायचं ज्यांना आहे ते सगळे तुमच्याबरोबर व्हॅनमध्येच आहेत.

तांडा

फाट्यावरून चालत जाताना ते दुकान पाहिलं. पत्र्याचं, हिरव्या रंगाचं, बाहेर दोन बाक. ज्यासाठी एवढं राजकारण, ती जागा किती भिकार असते. बाकावर काका होता. मला पाहून रामरामी केली आणि बाजूला सरकून जागा केली, जणू घरचीच पडवी. मी उभ्यानंच हो-ना करून निघाले.

काकीनं बाटी आणि लसणाची चटणी वाढली. आमच्यात भाकरीला बाटी म्हणतात. राजस्थानातली ती गोळ्याची बाटी मनात आणू नका. जेवताना कळलं की अडचण बसची नव्हती. अडचण नायकणीची होती.

शहरातल्या वाचकांना हे समजणार नाही म्हणून थोडं थांबते. तांड्याचा नायक असतो, त्याची बायको नायकण. तांड्यातल्या बाया जत्रेला निघोत, लग्नाला निघोत, नायकण गाडीत बसल्याशिवाय दुसरी बाई पाय टाकत नाही, आणि ती बसली की मागे कोणी थांबत नाही. कोणतंही नवं काम काढायचं तर आधी तिच्या ओट्यावर जाऊन सांगायचं, तिनं होय म्हटलं की ते काम तांड्याचं झालं. काकीनं इथेच चूक केली. सह्या घ्यायला तिनं गावठाणातून सुरुवात केली, कारण तिथल्या दोन बाया आधी तयार होत्या. तांड्यावर आली तेव्हा अर्धा कागद कोरांच्या अंगठ्यांनी भरलेला. कोर म्हणजे आमच्यातले नव्हेत ते. नायकणीनं सही केली, पण तोंड फिरवलं ते फिरवलंच.

वसंतशेठला हे सगळं ठाऊक होतं. त्यानं स्वतः येऊन नायकणीच्या पाया पडून तिला साडी दिली, आणि छापील पत्रिका दिली. पत्रिकेवर 'प्रमुख पाहुण्या' म्हणून तिचं नाव. म्हणजे बर्वे सरांनी फोनवर वसंतशेठला नाव विचारून घेतलं होतं आणि छापूनही टाकलं होतं. तळागाळातली एक बाई मंचावर हवी होती त्यांना.

संध्याकाळी मी आणि काकी तिच्याकडे गेलो. पंच्याहत्तरीच्या घरातली असेल, हातभर बलोयं, पाठ अजून ताठ. हस्तिदंती रंगाची ती जाड बांगडी आता तांड्यावर तिच्याच हातात उरली आहे. गोरबोलीत बोलत होती, मी इथल्या भाषेत देते. काकी पाया पडली आणि म्हणाली, याडी, म्हणजे आई, चुकलं, आधी तुझ्याकडे यायला पाहिजे होतं. नायकण म्हणाली, आता आली ना, बस, चाय पी. मग मला ती पत्रिका वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. पुन्हा वाच म्हणाली.

मला तेव्हा कळलं की हिला बस नको आहे, साडी नको आहे. आयुष्यभर नायकाच्या नावानं सत्कार झाले, ही मागे पदर धरून उभी. पहिल्यांदा कोणी तिचं नाव छापलं होतं. छापलं कोणी, तर ज्यांना तिच्याशी काही देणंघेणं नाही त्यांनी. मी तिला सांगून पाहिलं की या सिनेमात तुझ्यासारखं कोणीच नाही. ती म्हणाली, "तूच तं वाचलं, कागदावर माह्यं नाव हाय."

रविवार

सकाळी दोन्ही बस तांड्याच्या तोंडाशी येऊन थांबल्या. स्वच्छ, पडदे लावलेल्या, आत गाणी. वसंतशेठचा माणूस हात जोडून उभा. मतदान गावठाणातल्या शाळेत, चालत जाण्यासारखं. बाया नटून बाहेर आल्या आणि उभ्या राहिल्या. कोणीच कुठे जाईना. सगळ्यांचे डोळे नायकणीच्या दाराकडे.

नायकण आली. नवी साडी, कपाळावर मोठं कुंकू. कोणाकडे न पाहता सरळ बसमध्ये चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसली. बायांची गर्दी हलली, पहिल्या दोघी-तिघींनी पायरीकडे पाय उचलला. त्यांना मत द्यायचं नव्हतं असं नाही. नायकण बसल्यावर खाली राहायचं कसं, हे त्यांच्या पायांना माहीत नव्हतं. मी एकीचा हात धरला तर ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू मी कॉलेजात जाऊन माणसांत राहायचं विसरले.

तेव्हा काकी पायरीशी गेली. आवाज चढवला नाही. सगळ्यांना ऐकू गेलं, कारण ड्रायव्हरनं कशी कोण जाणे, गाणी बंद केली होती.

"याडी, तू बसून राह्य. तुह्या मानात आमी काही कमी करत नाही. आमी आधी शिक्का मारून येतो, मंग या बसमध्ये बसतो."

नायकण समोरच्या काचेकडे पाहत म्हणाली, "मी बसल्यावर कोनी खाली राह्यलं नाही आजवर."

"माहीत हाय," काकी म्हणाली. "आज राहू दे."

ती वळली आणि शाळेच्या वाटेला लागली. एकटीच. मागे वळून पाहिलं नाही. मी तिच्या मागे जाऊ शकत होते, पण माझं नाव त्या यादीत नव्हतं. माझ्या चालण्याला काही अर्थ नव्हता. पूजा निघाली. तिलाही मत नाही, पण तिनं आईची चप्पल घातली होती आणि ती फटफट वाजत होती. मग गर्दीतून एक म्हातारी निघाली, नायकणीच्याच सख्ख्या जावांपैकी एक. ती बसच्या काचेला हात लावून पाया पडली आणि चालू लागली. त्यानंतर मात्र सगळ्याच. प्रत्येक बाई बसजवळ येई, काचेला हात लावी, आणि शाळेकडे जाई. आत नायकण तशीच ताठ.

वसंतशेठच्या माणसानं कोणाला तरी फोन लावला. नायकणीच्याच बसमध्ये मागे गावठाणातल्या आठ-दहा बाया नवऱ्यांनी आणून बसवल्या होत्याच. त्यांच्या जिवावर ती बस हलली. काकी शाळेच्या फाटकाशी असताना ती समोरून गेली. पहिल्या सीटवर नायकण. दुसरी बस संध्याकाळपर्यंत रिकामी उभी होती. पोरांनी तिच्या सावलीत गोट्या खेळून घेतल्या.

मतदान चालू असताना काय काय झालं ते सगळं सांगत नाही. काका पिऊन आला आणि शाळेच्या फाटकाबाहेर बसून रडला. काही बाया आत जाऊन घाबरल्या आणि शिक्का दोन्ही बाटल्यांवर मारून आल्या. एकीनं बाहेर येऊन विचारलं की आडवी बाटली म्हणजे सांडलेली की ठेवलेली. दुपारी माझ्या मोबाईलवर मंडळाच्या ग्रुपचा फोटो आला: मंचावर नायकण, गळ्यात हार, शेजारी बर्वे सर हात जोडून. खाली लिहिलेलं, 'ग्रामीण महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. फोटो मोठा करून पाहिला. समोरच्या खुर्च्या दिसतील त्याच्या आधीच तो कापला होता. रहीमभाईंना फोन केला तर ते म्हणाले, सर पूरा भाषण दिए, एक लाइन भी कम नहीं की, और सामने बारह औरतें, उसमें से चार सो गईं.

मोजणी शाळेच्याच खोलीत. आम्ही व्हरांड्यात. काकी भिंतीला टेकून उभी होती, बसायला तयार नव्हती. मोजणीच्या साहेबांनी बाहेर येऊन सांगितलं. आडवीला निम्म्याच्या वर मतं गेली होती. फार वर नाही, पण वर. काकीनं पूजाच्या पायातली स्वतःची चप्पल काढून घेतली आणि म्हणाली, आता मले दे, पाय पोळले.

बस परत आली तेव्हा आम्ही तांड्यावर पोचलेलो होतो. नायकण उतरली. गळ्यातला हार तिनं हातात घेतला होता. ती तिच्या घराकडे गेली नाही, काकीच्या दाराशी येऊन उभी राहिली. काकीनं खाट टाकली. ती बसली.

मी विचारलं, सिनेमा कसा होता. ती म्हणाली की पांढऱ्या केसांचे पुरुष फार भांडतात. एकाचं पोट दुखत होतं, त्याला कोणी ओवा दिला नाही. शेवटी ते जिंकले आणि टाळ्या वाजवत होते, मंचावर शेजारी बसलेला साहेब तिच्याकडे पाहायला लागला म्हणून तिनंही वाजवल्या. मग हाराची फुलं खुडत बसली.

"आपलं काय झालं?" तिनं विचारलं.

काकी म्हणाली, "आडवी झाली, याडी."

"माह्या मताबिगर?"

"हो."

मला वाटलं, तिला हायसं वाटेल. तिला राग आला. तिच्यावाचून भागलं याचाच राग. खाटेवरून उठली, पदर सावरला आणि काकीच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाली, "पुढच्या खेपी मले न विचारता काई कराल तं पाहा."

"विचारीन," काकी म्हणाली. "पन तू खाली उतरजो."